तीन बोटं

भारताचा तिसरा गोल झाला तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहिलं. बसून राहिली ती मधुमती सरनोबत, टेबलामागच्या प्लास्टिकच्या खुर्चीत, अंगठा लाल बटणावर दाबून. समोरच्या फलकावर घड्याळ थांबलं होतं. दोन सेकंद बाकी. भारत तीन, मालदीव दोन. मालदीवचे खेळाडू लाकडी फ्लोअरवर बसकण मारून बसले होते, भारताचे एकमेकांच्या अंगावर कोसळले होते, आणि जयपूरची दोन-अडीच हजार माणसं घसा फोडून ओरडत होती.

फलकावरचं घड्याळ चुकीचं आहे हे तिथं फक्त मधुमतीला ठाऊक होतं.

मधुमतीचा खेळाशी तसा काही संबंध नव्हता. वय सत्तावन्न, विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावरची अधिकारी, मूळची कोल्हापूरची. बावीस वर्षांपूर्वी बदली होऊन जयपूरला आली. नवरा गेला तेव्हा परत जाता आलं असतं, पण लेकीची, अनुयाची, बारावी होती. मग कॉलेज, मग तिची इथलीच नोकरी, आणि परत जायचं राहूनच गेलं. मुरलीपुऱ्यातल्या फ्लॅटवरून ती रोज सकाळी सीकर रोडला येऊन ऑफिससाठी शहराबाहेरच्या चौमूं गावाची बस पकडायची आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परत यायची.

चौमूंच्या शाखेत तिच्या प्रश्नांची लोकांना धास्ती होती. "एक्सीडेंट कितने बजे हुआ?" असं ती विचारायची. माणूस सांगायचा, "शाम को." ती म्हणायची, "शाम को मतलब? दूधवाला आ चुका था?" समोरच्याला वाटायचं, बाई आपल्याला खोटं ठरवायला निघाली आहे. पण तिला खरोखरच जाणून घ्यायचं असायचं. तो रस्ता, ती वेळ, त्या वेळी बत्ती होती का नव्हती, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिल्याशिवाय तिला सही करवत नसे.

अशाच एका क्लेमसाठी तीन वर्षांपूर्वी पवन कुमावत तिच्यासमोर येऊन बसला होता. झोटवाड्यात त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. त्याच्या भावाच्या स्कूटरला ट्रकने धडक दिली होती. मधुमतीने त्याला पाऊण तास उलटसुलट विचारलं, अगदी मिनिटापर्यंत. शेवटी तो वैतागून हसला.

"मॅडम, आपको तो हमारे यहाँ टाइमकीपर होना चाहिए था."

"वो क्या होता है?" मधुमतीने पेन खाली ठेवून विचारलं.

दुकान सांभाळून पवन शहराच्या फुटसाल संघटनेचा सचिव होता. त्याने तिथंच, फॉर्मच्या मागच्या बाजूला, मैदान काढून दाखवलं. एका बाजूला पाचच खेळाडू, छोटा आणि फारसा न उसळणारा चेंडू, छताखालचा लाकडी फ्लोअर. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. पण ही वीस मिनिटं खरीखुरी वीस. चेंडू रेषेबाहेर गेला की घड्याळ बंद, खेळात आला की चालू.

"और चालू-बंद कौन करता है?"

"वही तो. भरोसे का आदमी मिलता नहीं."

पुढच्या रविवारी मधुमती बघायला म्हणून गेली आणि टेबलाशी बसूनच राहिली. दोन हिवाळे तिने शहरातल्या स्पर्धा केल्या, नियमांचं पुस्तक पाठ केलं, दिल्लीला जाऊन परीक्षा दिली. आणि यंदा सहा देशांच्या पुरुष संघांची निमंत्रित स्पर्धा जयपूरला आली, तेव्हा पवनने तिचं नाव दिलं. ऑफिसातून आठ दिवसांची रजा मिळाली. गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी घालून ती पहिल्या दिवशी घरातून निघाली तेव्हा अनुया लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाली, "आई, मतलब तू आता इंटरनॅशनल झालीस!"

"झालो तर झालो. जेवून घे. येतो मी," मधुमती म्हणाली. कोल्हापूरच्या बायकांसारखं ती अजूनही 'येतो, जातो'च म्हणायची, आणि जयपुरात वाढलेल्या अनुयाला त्याचं अजूनही हसू यायचं.

पाच दिवस सगळं सुरळीत झालं. आणि सहाव्या दिवशी, उपांत्य सामन्यात, इस्माईलच्या हातानं घात केला.

इस्माईल मालदीवचा गोलकीपर. उंच, काटकुळा, तिशीच्या पुढचा. फुटसालमध्ये पुष्कळ गोलकीपर हातमोजे घालत नाहीत, तसा तोही उघड्या हातांनी खेळायचा, बोटांना पांढऱ्या चिकटपट्ट्या गुंडाळून. सामना दोन-दोनवर अडला होता आणि एकतीस सेकंद उरले होते. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला. मधुमतीने घड्याळ थांबवलं. मालदीवच्या खेळाडूने रेषेवरून चेंडू आत मारला, तो सरळ इस्माईलकडे गेला. त्याने तो पायाखाली दाबून धरला आणि डाव्या हाताची सुटलेली पट्टी दातांनी तोडून फेकून दिली. तेवढ्यात मधुमतीला दिसलं. त्या हाताला करंगळी नव्हती.

मग हा एवढे जोरदार फटके अडवतो कसा? झेल पकडताना चेंडू त्या बाजूने निसटत नाही?

हा विचार करायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. तिची नजर वर गेली. थायलंडचे मुख्य पंच हात उंच धरून मोजत होते. आपल्या अर्ध्या भागात गोलकीपरला चेंडू चार सेकंदच जवळ ठेवता येतो, आणि पंच ती बोटांवर मोजून सगळ्यांना दाखवतात. तीन बोटं वर होती. आणि फलकावरचं घड्याळ एकतीसवरच उभं होतं.

तिने बटण दाबलं. घड्याळ चालू झालं. चेंडू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला, भारताच्या बारा नंबरने तो मधूनच पळवला आणि खालच्या कोपऱ्यात मारला. दोन सेकंद बाकी असताना.

म्हणजे खऱ्या हिशेबाने सामना संपून एक सेकंद झाला होता.

आता मधला ठिपका मोकळा करून खेळ पुन्हा सुरू व्हायला फार तर अर्धं मिनिट होतं. एकदा सुरू झाला की गोल पक्का. शेजारी नेपाळचे तिसरे पंच गुरुंग बसले होते. ती त्यांच्याकडे वळली.

"सर, घड़ी देर से चली. मुझसे."

गुरुंग यांनी कागदावरून मान वर केली. "कितनी देर से?"

आयुष्यभर ती टेबलाच्या पलीकडच्या माणसाला हेच विचारत आली होती. एक सेकंद म्हटलं असतं तर गोल राहिला असता. नक्की आठवत नाही म्हटलं असतं तरी कुणी तिला दोष दिला नसता. एवढ्या गोंगाटात कुणाला काय आठवतं?

"तीन सेकंड. कम से कम."

"अंदाज़े से?"

"नहीं सर. मैंने बटन दबाया तब मेन रेफरी की तीन उँगलियाँ ऊपर थीं."

पवन मागेच उभा होता. तो तिच्या कानाशी वाकला. "मॅडम, क्या कर रही हो? किसी ने नहीं देखा. रहने दो."

"पवनजी, आपके भाई के टाइम भी मैंने मिनट तक पूछा था," ती हळू म्हणाली.

गुरुंग उठून मैदानात गेले. थायलंडच्या पंचांशी बोलले. त्या पंचांनी आपलाच हात वर करून तीन बोटं उभी केली, त्या बोटांकडे पाहिलं आणि मान हलवली. हो, तीनपर्यंत मोजलं होतं. मग त्यांनी शिटी वाजवली, गोल रद्द केला आणि वेळ संपल्याची खूण केली.

पुढची काही मिनिटं मधुमतीला तुटक तुटक आठवतात. भारताच्या प्रशिक्षकाने टेबलावर आपटलेली फाइल. वरून येऊन पडलेले चहाचे कागदी कप. आणि बारा नंबरचा खेळाडू, जेमतेम बाविशीचा, तिच्यासमोर येऊन उभा राहिलेला.

"आंटी, मैंने तो बज़र से पहले मारा था ना?"

"हाँ बेटा. तुमने पहले ही मारा था. बज़र मेरी वजह से लेट था."

तो आणखी काहीतरी विचारेल म्हणून ती थांबली. पण तो जर्सीच्या गळ्याने तोंड पुसत निघून गेला.

सामना पेनल्टींवर गेला. त्यात मधुमतीला काही काम नव्हतं. इस्माईलने दोन अडवल्या. भारत स्पर्धेबाहेर गेला.

लोक पांगेपर्यंत तिला आतल्या बोळात बसवून ठेवलं होतं. तिथून मालदीवचा संघ बसकडे चालला होता. इस्माईल थांबला, खांद्यावरची बॅग खाली ठेवून सिनेमात ऐकून शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "आंटी, शुक्रिया."

"शुक्रिया मत बोलो. गलती मेरी थी." आजच्या दिवशी तरी आपण हे विचारू नये असं तिला वाटलं, आणि तरीही तिने विचारलंच. "वो उँगली... कैसे?"

इस्माईलने हात वर करून जणू पहिल्यांदाच पाहावा तसा पाहिला. "बाबा का नौका. टूना मछली. मैं चौदह साल. डोरी ऐसे लपेटा था." त्याने हवेत दोरी गुंडाळून दाखवली. "मछली बहुत बड़ी. उँगली छोटी."

"फिर पकड़ते कैसे हो?"

तो हसला. बॅगेतून चेंडू काढून त्याने तिच्या हातात दिला आणि खुणेने म्हणाला, मारा. मधुमतीने दोन्ही हातांनी चेंडू त्याच्याकडे ढकलला. त्याने तो बोटांवर घेतलाच नाही. मनगटाजवळच्या तळहाताच्या उंचवट्यावर घेतला, आणि बोटं मागाहून मिटली. "सब लोग सोचता है उँगली पकड़ता है," तो म्हणाला. मधुमतीने त्याला आणखी एकदा करून दाखवायला लावलं.

ते गेल्यावर पवन आला. तिच्या नजरेला नजर न देता बोलला, "कल फाइनल में दिल्ली से कोई आ रहा है. टेबल पर."

"ठीक है."

"ऊपर से बोला है, मॅडम. मेरे हाथ में नहीं था."

"ठीक है पवनजी. गलती हुई थी." तिने निळी पट्टी गळ्यातून काढली, गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली. तो काहीतरी बोलायला गेला, पण फोन वाजला आणि तो बोलत बोलत निघून गेला.

घरी पोहोचली तेव्हा अनुया दारातच होती. तिला मोबाइलवर सगळं कळलेलं होतं.

"आई, तू ते कमेंट्स बिलकुल वाचू नको हां. लोक काहीही लिहितात."

"काय लिहिलंय? वाच की."

"छोड ना."

"वाच म्हणतोय न्हवं?"

अनुया नाइलाजाने वाचू लागली. "एकाने लिहिलंय, बुढ़िया को घड़ी चलाना नहीं आता."

"बरोबर हाय की," मधुमती चपला काढत म्हणाली. "त्या तीन सेकंदांत नाहीच आलं."

मग ती स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, आणि ओट्याला टेकली. अनुया मागून आली. आईच्या पाठीवर हात ठेवावा की नाही हे तिला ठरवता येईना.

"पण आई, तू बोललीच का? मतलब, कोणाला कळलं पण नसतं."

"चूक माझी, सांगायला नको? मग त्या पंचानं विचारलं की गं. किती म्हणून." मधुमतीने डोळे पुसले. "विचारल्यावर काय सांगणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी अनुयाने दोन तिकिटं आणली. आजवर तिने एकही सामना पाहिलेला नव्हता. मधुमती नको नको म्हणत निघाली. वरची जागा मिळाली, अगदी छपराजवळ. तिथून टेबल काड्यापेटीएवढं दिसत होतं. दिल्लीहून आलेली तरुण मुलगी ताठ बसली होती. तिचं काम चोख चाललं होतं, हे मधुमतीने पहिल्या दोन मिनिटांतच पाहून घेतलं. मग पुन्हा तिकडे पाहायचं कारण उरलं नाही.

खालच्या बाजूला कुणीतरी इस्माईलच्या नावाने आरोळी ठोकली. अनुया पुढे झुकून चेंडूमागे मान फिरवत होती, आणि चुकून ओरडतही होती. थोड्या वेळाने तिचं आईकडे लक्ष गेलं. मधुमती भलतीकडेच टक लावून बसली होती.

"आई, बॉल तिकडे आहे. तू कुठे बघतेयस?"

"दोन वर्षं बॉलच बघत होतो गं," मधुमती म्हणाली. "बाकीचे काय करत असतात ते कधी दिसलंच न्हाई. ते बघ, तो कडेचा."

अनुयाने आईच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. सगळा आरडाओरडा पलीकडच्या टोकाला चालला होता. अलीकडे, रेषेपाशी, मालदीवचा एक खेळाडू चार पावलं बाजूला सरकला आणि ज्याच्यासाठी जागा केली तो येईपर्यंत नुसता उभा राहिला.