दोनशे तेरावं मत

मी कोर्बिन गावची लाकडी मतपेटी बोलतेय. बोलतेय कसली, चार वर्षं ओरडतेय. पण तोंड म्हणून एक फट आणि आवाज म्हणून एक घंटा, माझं ऐकणार कोण?

न्यू हॅम्पशायरच्या डोंगरातल्या एका सुतारानं मला मॅपलच्या फळ्यांतून घडवलं, त्याला शंभरावर वर्षं झाली. फटीत मतपत्रिका घालून दांडा फिरवला की आतले रूळ ती ओढून घेतात, घंटा वाजते आणि माझ्या कपाळावरचा आकडा एकानं वाढतो. आमच्या एवढ्याशा राज्यातून वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहात दोनच माणसं जातात. त्यातला आमचा माणूस निवडायला दर दोन वर्षांनी, नोव्हेंबरातल्या मंगळवारी, मला शाळेच्या जेवणघरात आणून ठेवत.

दांडा फिरवायची लॉर्ना टिबो. गावानंच निवडून दिलेली, सव्वीस वर्षं तिच्याकडेच निवडणुकीचं काम. तिच्या आधी तिची आई करायची.

चार वर्षांपूर्वी एमस कोल्बी नेहमीसारखा मतपत्रिकेच्या घडीवर घडी घालत आला. वय अठ्ठ्याऐंशी.

"अहो एमस, मत देताय की पुडी बांधताय?" लॉर्नानं विचारलं. रांगेतली माणसं हसली.

"तुझ्या आईला कधी बघू दिलं नाही, तुला बरा बघू देईन. फिरव दांडा."

रूळ अडले. लॉर्नानं हिसका दिला, घंटा वाजली. पण ती पुडी खाली पडलीच नाही. घसरून माझ्या डाव्या बाजूच्या आणि तळाच्या फळीमधल्या फटीत जाऊन रुतली. मला चांगलीच टोचली. पण मी सांगणार कशी?

संध्याकाळी मोजणी झाली. यादीत मत दिलेले दोनशे तेरा जण, माझ्या कपाळावर दोनशे तेरा, टेबलावर मतपत्रिका दोनशे बारा. तीनदा मोजल्या. लॉर्नानं कोपरापर्यंत हात घालून मला चाचपलं, तिची बोटं त्या पुडीपासून बोटभर अंतरावरून गेली. मग काखेत कळसा नि गावाला वळसा. कचऱ्याचे डबे झाले, सगळ्यांचे कोट झाले, बायकांचं केक-बिस्किटं विकायचं टेबलसुद्धा उलथंपालथं केलं.

राज्याच्या राजधानीतल्या निवडणूक कचेरीतून फोन आला. "जिंकणारा हजारोंनी पुढे आहे हो, बाई. एका मतानं काय फरक पडतो?"

"ज्यानं दिलं त्याला पडतो," म्हणून तिनं फोन ठेवला.

मार्चच्या गावसभेत लाकूडवखारवाला डेल पिंकम उठला. त्याचं आपलं उचलली जीभ, लावली टाळ्याला. "नको असलेलं मत खिशात गेलं असेल कुणाच्या. मी नाव घेत नाही." आणि बघत होता लॉर्नाकडे. ठरावही त्याचाच: मतं मोजायला यंत्र घ्यायचं आणि लॉर्नाचं काम काढून घ्यायचं.

लॉर्ना उभी राहिली. "सव्वीस वर्षं..." एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

मग एमस काठी टेकत उठला. "लॉर्ना, पोरी, मला तुझ्याविरुद्ध जायला आवडत नाही. पण ज्या बिचाऱ्याचं मत गेलं, त्याला काय वाटत असेल?" आणि त्यानं तिच्याविरुद्ध हात वर केला. त्याच्यामागोमाग निम्म्याहून जास्त सभागृहानं केला.

अरे, तो बिचारा तूच. तुझी पुडी माझ्या कुशीत आहे. मी समोरच टेबलावर होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

गावानं यंत्र घेतलं, लॉर्नाचं काम गेलं. मला वाचनालयाच्या दाराशी ठेवलं, माझ्यावर कुंडी आली. एमस गेल्या हिवाळ्यात वारला, आपलं मत मोजलं गेलं अशा समाधानात. लॉर्ना दर गुरुवारी पुस्तकं बदलायला येते, माझ्याकडे न बघता जाते.

परवा मात्र थांबली. कपाळावरची धूळ तिनं बोटानं पुसली. दोनशे तेरा. "तू तरी खोटं कशाला बोलशील?" ती हळूच म्हणाली. "मग चुकलं कोण? मीच का?"

बाई, मला आडवी करा, तळाची फळी उचकटा. बाकी काही नको.

तिनं सवयीनं दांडा फिरवला. घंटा वाजली, आकडा दोनशे चौदा झाला. पिशवी उचलून ती निघून गेली.

आता कपाळावरचा आकडाही खोटा. तुमच्यापैकी कुणी कोर्बिनला गेलं, तर माझ्यावरची ती कुंडी तेवढी खाली ठेवा आणि मला उलटी करा. पण आधी लॉर्नाला बोलावून आणा.