पाच ताऱ्यांचा आहेर

दिपमालाने काहीही केलं तरी बोरसे भावकीचं त्यावर एकच मत असायचं: छान. पुरणपोळी फुटली तरी छान, रांगोळीतल्या मोराचं बदक झालं तरी छान. अमळनेरच्या या सुनेला कौतुकाचं अगदी अजीर्ण झालं होतं. म्हणून तिने भुताची गोष्ट लिहायला घेतली, तेव्हा ती 'कथाओटा' नावाच्या ॲपवर भागाभागाने टाकली आणि लेखिकेचं नाव दिलं रेवती. नवऱ्यालासुद्धा पत्ता लागू दिला नाही. आपल्याला खरंच लिहिता येतं का, हे तिला एकदा परक्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

आणि तसं माणूस मिळालंही. सुगंधा, राहणार सुरतेजवळचं उधना. बाई मोठी खमकी. पहिल्याच भागाखाली तिने लिहिलं, 'विहिरीतलं भूत भाकर का चोरतं? मेलेल्याला भूक लागते का?' पुढच्या भागावर लिहिलं, 'सासू फारच गोड दाखवली. इतकी गोड सासू असती तर सून विहिरीत कशाला गेली असती?' पाचपैकी तीन तारे, त्यावर एक कण नाही. दिपमाला आधी चिडायची, भांडी आदळायची, मग गुपचूप भाग दुरुस्त करायची. भुताची भाकर तिने काढून टाकली. सासूला मात्र हात लावायला तिचा जीव धजेना. भाजी निवडताना ती मनातल्या मनात सुगंधाशी वाद घाले, आणि त्या वादात तिला फार बरं वाटे.

शेवटचा भाग तेवढा टाकायचा राहिला होता, आणि तिथेच माशी शिंकली. तिचा नवरा ललित, बी-बियाण्यांचा दुकानदार, भोळा माणूस. बायकोचा मोबाइल चार्जिंगला लावताना त्याला सगळं दिसलं आणि त्याची छाती फुगली. तिला न विचारता त्याने 'बोरसे परिवार' ग्रुपवर गोष्टीची लिंक टाकली.

गावाकडून सुकदेव आबांचा अहिराणीतला व्हॉइस मेसेज आला. आबा भावकीतले सगळ्यात थोरले, त्यांचा शब्द खाली पडत नाही.

"आपली सून शे ती. एकबी घर मांगे राहाले नको. ज्याना घर मोबाइल नही, त्यानी शेजारना मोबाइलवरथून द्या, पन द्या!"

झालं. लग्नात माइकवर आहेर पुकारतात ना, तसा गोष्टीखाली आहेर सुरू झाला. 'छगन बोरसे यांजकडून सप्रेम पाच तारे.' 'सौ. मंदाबाई व श्री. धनसिंग, सहकुटुंब सहपरिवार, पाच तारे.' चुडामणने तर स्वर्गवासी वडिलांच्या नावानेही पाच तारे दिले, कारण ते असते तर त्यांनी दिलेच असते. गोष्ट वाचायची कुणाला सवड नव्हती. आहेर देताना मंगलाष्टकं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी गोष्ट ॲपवरून गायब. त्या जागी निरोप होता: एकाच परिसरातून, एकाच छापाचे प्रतिसाद आल्यामुळे कथा थांबवली आहे. दिपमालाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिकडे उधन्यात सुगंधा शेवटच्या भागाची वाट बघत असेल, आणि ही रेवती लबाड निघाली असं म्हणत असेल. तिने ॲपवाल्यांना सगळी हकिगत कळवली. उत्तर सभ्य होतं: घरच्यांनी आणि नातेवाइकांनी आपापले तारे आणि शेरे स्वतः मागे घ्यावेत, कथा परत दिसू लागेल.

ललितने चाचरत आबांना फोन लावला. आबा भडकले.

"दिन्हेल आहेर कोनी परत लेस का रे? वैरी शेत का आपुन?"

चुकलं त्यांचंही नव्हतं. आहेर परत घेणं म्हणजे संबंध तोडणं. दिपमालाला वाटलं, संपलं सगळं. आता या लोकांना दुखवायचं तरी कसं? राग यावा तर तो कुणावर, हेही समजेना.

तेव्हा बोलली तिची सासू. कमलबाई तशी मोजकं बोलणारी. मोबाइलवर भजनं ऐकायची, असा घरात सगळ्यांचा समज.

"परत लेवाना नही," ती म्हणाली. "आपुन त्यासले परतीना आहेर करसूत. मंग त्यासना तारा त्यासनी खुशीमां उतारी लेवो. बलाव बठ्ठासले भरीत खावाले."

रविवारी सगळ्यांना बोलावून वावरात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली गेली. भरीत, कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात. जेवण उरकल्यावर कमलबाईने पुरुषांना टोपी आणि बायकांना ब्लाऊजपीस दिला. जो आहेर घेई, तो मोबाइल काढून आपले तारे उतरवी. मानपान सांभाळला गेला म्हणताच आबांचाही राग निवळला. त्यांनी नवी टोपी चढवली आणि स्वतः माइकवर असल्यासारखं पुकारलं, "सुकदेव बोरसेसना पाच तारा, आनंदमां परत!"

संध्याकाळी गोष्ट ॲपवर परतली. दिपमालाने ती लगेच उघडली. भावकीचे तारे गेले होते. पण सुगंधाही गेली होती. तीन तारे नाहीत, भाकरीचा शेरा नाही, काही नाही.

ती तशीच बांधावर बसून राहिली. एकुलतं एक परकं माणूस, तेही रुसून गेलं, असं वाटून तिला रडू फुटायला आलं. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. तारे तर फक्त नातेवाइकांनीच उतरवायचे होते. तेही आज, या वावरात.

तिने मान वर केली. कमलबाई चष्मा लावून मोबाइल पदराला पुसत होती.

"आई... सुगंधा कोण?"

"मी." कमलबाई जरा लाजली. "माहेरनं नाव शे मनं. लगीनमां बदली टाकं. तुना मोबाइल ओटावर उघडा पडेल व्हता, तव्हय पहिला भाग वाचा. मंग उधनाले भाऊकडे गऊ, तव्हय भाचीनी ते ॲप मना मोबाइलमां टाकी दिन्हं."

"मग आज काढलंत का?"

"तूच म्हनी ना, घरनासनी काढा. मी घरनी नही का?"

दिपमालाला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं. जिच्या भीतीने तिने गोष्टीतल्या सासूला साखरेत घोळवलं होतं, तीच बाई इतके दिवस ती साखर झाड म्हणून हिच्या मागे लागली होती.

"मना धाकमां ती सासू गोड करी ना तू?" कमलबाई म्हणाली. "मनी सासू कशी व्हती, माले इचार. मंग लिख."

दिपमालाने विचारलं. परतीच्या जीपमध्ये, मग घरी ओट्याशी, दोघी बोलत राहिल्या, आणि शेवटचा भाग पुन्हा पहिल्यापासून लिहिला गेला. तो ॲपवर टाकण्याआधी तिने कमलबाईला वाचून दाखवला. कमलबाईच्या हातातला लसूण तसाच राहिला.

"खरं शे," ती शेवटी म्हणाली, आणि पदराने डोळे टिपले.

"मग पाच तारे?"

"चार," सुगंधा म्हणाली. "पहिला भाग आजून कच्चा शे."