तिसऱ्या हौदाची हवा

शेवंडं धरायचे पिंजरे समुद्रात सोडण्याच्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा घरी राहत नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी, उजाडता उजाडता, चाळीस बोटी पाठीवर पिंजऱ्यांची चळत रचून एकदम निघतात आणि बायका, म्हातारे, पाद्रीबाबा सगळे धक्क्यावर हात हलवत उभे राहतात. ओदेत सुरेत मात्र ती सांभाळत असलेल्या शेवंडांच्या शेडमध्ये धुमसत होती. कंपनीने नेमका आजचाच मुहूर्त काढला होता.

शेडच्या भिंतीवर तीन पेट्या होत्या. जिवंत शेवंडं ठेवायच्या तीन हौदांच्या तळाशी बसवलेली यंत्रं पाण्यातली हवा मोजायची, पेट्या ते आकडे आपसांत पडताळायच्या आणि कुठला पंप किती जोरात चालवायचा ते तिथल्या तिथे ठरवायच्या. दूरच्या क्लाउडकडे दिवसाकाठी एक गोषवारा गेला की काम झालं. शिकलेले लोक याला धुकं म्हणतात, ढगाचं काम जमिनीलगत आणलं म्हणून. म्हणोत बापडे. सहा वर्षांत ओदेतचा एकही हौद दगावला नव्हता, तिला तेवढं पुरे होतं.

आता नव्या करारानुसार सगळे आकडे टोरांटोला कंपनीच्या संगणकाकडे जाणार होते आणि हुकूम तिथून येणार होते. हा करार आणला होता तिच्याच थोरल्या भावाने, मच्छीमारांच्या संस्थेचा अध्यक्ष असलेल्या इलेरने. कंपनीच्या ग्रँटने सकाळीच हॅलिफॅक्सहून येऊन पेट्या बंद केल्या आणि झाकणांवर सील ठोकलं.

"हे तोडलं की करार मोडला," तो म्हणाला. "मग या हंगामात कंपनी तुमचा माल उचलणार नाही."

"आणि टोरांटोचा हुकूम आलाच नाही तर?"

"तर पंप आपोआप हळू होतात. वीज वाचते."

"वीज वाचते आणि शेवंडं मरतात. काय अक्कल आहे."

"ओदेतबाई, मी महिनाभर लाइन तपासलीय. एकदाही तुटली नाही."

महिनाभर. पण त्या महिन्यात पिंजरे सोडण्याचा दिवस नव्हता. बाहेर बोटींचे भोंगे वाजले आणि धक्क्यावरच्या झाडून सगळ्या माणसांनी फोन वर धरले. बोस्टनच्या मावशीला, मंक्टनच्या सुनेला बोटी निघताना थेट दाखवायच्या असतात. गावात मोबाइलचा मनोरा एकच, आणि वेगळी तार टाकण्याचा खर्च वाचवायला कंपनीने शेडही त्याच मनोऱ्याला जोडली होती. गेल्या वर्षी ओदेतनेही फोन वर धरला होता, त्यामुळे तिला कोणाला शिव्याही देता येईनात.

मनोरा तुंबला, टोरांटोचा हुकूम अडकला आणि पंपांचा आवाज खाली आला.

ग्रँट फोन कानाला लावून येरझाऱ्या घालू लागला. "दोन मिनिटं थांबा."

"बारा झाली."

तिसऱ्या हौदात नऊ हजार पौंड शेवंडं होती, काल रात्री ग्रँड मनन बेटावरून आलेली, प्रवासाने आधीच थकलेली. हवा कमी पडली की राहतात तशी ती पाय ताणून उंच उभी राहत होती. ओदेतने एक उचललं. त्याच्या नांग्या ओल्या मोज्यासारख्या लोंबल्या.

"माझ्या हातात काही नाही हो," ग्रँट म्हणाला. "हुकूम तिकडून येतो."

"तुमच्या हातात नाही, माझ्या हातात नाही. मग यांना मारायचं ठरवलं कोणी?"

ओदेतला भीती वाटत होती, खूप. सील तोडलं तर चाळीस घरांचा हिवाळा ती एकटी ठरवणार होती, एकालाही न विचारता. टोरांटोवाले तरी दुसरं काय करत होते? पण टोरांटोला हा हौद दिसत नव्हता. तिला दिसत होता.

नांग्यांना रबर चढवायचा चिमटा तिने सिलाखाली घातला आणि जोर लावला. एक, दोन, तीन. झाकणं उघडून तिने खटके दाबले, पेट्यांवर हिरवे दिवे लागले, आकडे इकडून तिकडे गेले आणि तिसऱ्या हौदाचा पंप खच्चून सुरू झाला.

"मला हे लिहावं लागेल," ग्रँट पडलेल्या आवाजात म्हणाला.

"लिहा की. पूर्ण नाव लिहा, ओदेत मारी सुरेत. वेळ, सात बावीस. आणि तोपर्यंत पंप कसे चालले होते तेही लिहा, पेन झिजणार नाही."

मग तिने बोटींचा रेडिओ उचलला; इलेरही बोटीवरच होता. त्याला मनोरा लागत नाही, बोट बोटीशी सरळ बोलते.

"इलेर, मी ओदेत. सगळ्यांनीच ऐका. मी कंपनीचं सील तोडलं. कोणाला विचारलं नाही. करार गेला, कंपनी माल उचलणार नाही. ज्याला परत फिरायचं असेल त्याने आत्ताच फिरावं."

रेडिओ नुसता खरखरत राहिला.

"हवा चालू आहे?" शेवटी इलेर म्हणाला.

"चालू आहे."

"तिन्ही हौदांत?"

"तिन्ही."

"तो साहेब तिथेच आहे?"

"समोर उभा आहे."

"त्याला सांग, करार मी आणला होता, भांडायलाही मीच येतो. पण आधी पिंजरे. आता रेडिओ मोकळा कर."