शेजारचे दोन दात

दवाखान्याला दार एक, पाटी एक, आणि आत डॉक्टर दोन. सख्खे भाऊ. पाटीवर दोघांच्या नावांच्या मधे एक उभी रेघ होती. ती रंगाऱ्यानं शोभेसाठी काढली होती. पुढे तिच्याच सरळ रेषेत आत प्लायवूडचं पार्टिशन उभं राहिलं, ते मात्र शोभेसाठी नव्हतं.

पार्टिशनच्या उजवीकडे थोरले डॉक्टर. ते ब्रिज बसवत. म्हणजे पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करायचे, त्यांच्यावर टोप्या चढवायच्या, आणि मधला खोटा दात त्या टोप्यांच्या आधारानं टांगायचा. दोन आठवड्यांत माणूस हसायला मोकळा. डावीकडे धाकटा. तो इम्प्लांट बसवी. म्हणजे हाडात स्क्रू पिळायचा, तीन-चार महिने थांबायचं, मग त्या स्क्रूवर दात चढवायचा. शेजारच्यांना हात लावायचा नाही. लोक एकाला टोपीवाले म्हणत, दुसऱ्याला स्क्रूवाले, आणि दोघांच्याही समोर नुसतं डॉक्टर.

सहा वर्षांपूर्वी धाकटा ते स्क्रूचं काम शिकून आला आणि आल्या दिवशी थोरल्यांच्या पेशंटसमोर म्हणाला, "ब्रिज म्हणजे एका मेलेल्यासाठी दोन जिवंत पुरायचे." पेशंट हसला. थोरले हसले नाहीत. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद, आणि धाकटा थोरल्यांबद्दल बोलताना 'तो' सोडून 'ते' म्हणू लागला. भावाभावांत इतका मान द्यायची वेळ आली की समजावं, आता काही खरं नाही.

सगळे निरोप ताईमार्फत. ताई म्हणजे दोघांच्या मधली बहीण. काउंटरवर बसायची, नंबर लावायची, आणि जिथं दोघंही तिचेच भाऊ तिथं कोणाची बाजू घ्यायची म्हणून कोणाचीच घ्यायची नाही. पार्टिशन इतकं पातळ होतं की अलीकडचा खोकला पलीकडच्या पेशंटला आपलाच वाटे. तरी निरोप रीतसर जायचे.

"ताई, त्यांना सांग, एक्स-रेचं मशीन वीस मिनिटं अडवून ठेवलंय."

"ऐकलंस ना, दादा?"

"मी काही ऐकलं नाही. तू सांगितल्याशिवाय मला ऐकू येत नाही."

"मशीन सोड म्हणतोय."

"त्याला सांग, सोडलंय. सहा मिनिटं झाली."

अशा ठिकाणी थोरल्यांचाच दात गेला. वरचा, उजवीकडचा, हसताना दिसणारा. कोरडं बिस्किट चावताना मुळापासून उभा तडकला. आता तो काढायचा कोणाकडून? धाकट्याकडून काढून घेणं म्हणजे त्याच्यापुढं तोंड उघडणं, आणि तेच तर सहा वर्षं टाळलं होतं. थोरल्यांनी एका दुपारी दार लावलं, आरसा टेकवून ठेवला आणि स्वतःच भुलीची सुई मारली. पंचवीस वर्षं समोरच्याच्या तोंडात काम केलेला माणूस. समोरच्याचा उजवा आपल्या डाव्या हाताला येतो हे बोटांत भिनलेलं. आरशात मात्र आपला उजवा उजवीकडेच राहतो. दहा मिनिटांनी त्यांचा डावा गाल लाकूड झाला आणि उजवा दात पूर्ण शुद्धीत राहिला. पुन्हा सुई मारायची म्हणजे ताईकडून नवीन मागायची, आणि ती विचारणार, कशाला. त्यांनी तसाच काढला. पलीकडे धाकट्यानं पेशंटला सांगितलं, "काही नाही, शेजारी फर्निचर हलवतायत."

पुढचा दीड महिना थोरल्यांनी मास्क काढला नाही. चहासुद्धा मास्कखालून नळी घालून. 'शेवटी' म्हणायला गेलं की शिट्टी वाजे, म्हणून ते कुठलीच गोष्ट शेवटापर्यंत सांगेनात.

बिंग फुटलं ते घड्याळजीमुळं. कोपऱ्यावरच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारा हा गृहस्थ ब्रिजसाठी आला होता. खुर्चीत पडल्या पडल्या त्यानं विचारलं, "चांगले दात घासायचे म्हणता, त्यांना काही होत नाही ना?"

"काही नाही. नखं कापल्यासारखं," थोरले म्हणाले. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की ते म्हणताना त्यांना विचार करावा लागत नसे. पण मास्कची दोरी जुनी होती. ती तुटली.

घड्याळजीला बारीक वस्तू बघायची सवय. त्यानं फट नीट पाहून घेतली आणि उठून बसला. "तुमचा बसवा आधी. मी बघतो, मग माझा."

"माझं काय, कधीही बसवता येईल."

"मग बसवा की. नखंच तर कापायचीत."

दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी नंबर रद्द केले. तिसऱ्या दिवशी एक बाई नुसत्याच आत डोकावून गेल्या, जशा लोक रिकाम्या घरात डोकावतात. थोरल्यांना कळलं, की आता आपल्या तोंडात ब्रिज दिसला पाहिजे, नाहीतर पंचवीस वर्षांचा शब्द गेला. आणि स्वतःच्या तोंडात ब्रिज स्वतःला करता येत नाही, हे त्यांचा डावा गाल शिकून चुकला होता.

"त्याला सांग," ते ताईला म्हणाले, "ब्रिज करायचाय. त्यालाही येतो. शिकलाय माझ्याच हाताखाली."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "ताई, त्यांना सांग, आनंदानं. दीड वाजता या म्हणावं. उपाशी नको."

दीड वाजता थोरले पार्टिशनच्या डाव्या बाजूला प्रथमच खुर्चीत आडवे झाले. ताई लाळ ओढायची नळी धरून उशाशी. धाकट्यानं एक्स-रे काढून उजेडासमोर धरले.

"ताई, त्यांना सांग, हाड चांगलं आहे. आणि शेजारचे दोन्ही दात... बावन्न वर्षांत एक ठिपका नाही. असे दात पुस्तकात असतात."

"दादा, दात चांगलेत म्हणतोय."

"माहितीये," थोरले म्हणाले. त्यांना आपल्या त्या दोन दातांचा गर्व होता. लहानपणी गोळ्या न खाता जपलेले दात होते ते.

"तेच दोन घासायचेत," धाकटा म्हणाला, आणि सुई मारली. उजवीकडे. दहा मिनिटांनी त्यानं घासायचं मशीन चालू केलं.

तो आवाज थोरल्यांनी आयुष्यभर मुठीच्या बाजूनं ऐकला होता. टोकाच्या बाजूनं तो वेगळा येतो. कानातून येत नाही, कपाळातून येतो. पाण्याचा पहिला थेंब दातावर पडला आणि थोरल्यांनी तोंड मिटलं.

"ताई, त्यांना सांग, आ करा म्हणावं."

थोरल्यांनी दात आवळले. ताईनं नळी बाजूला घेतली. "तूच सांग रे," ती म्हणाली. "एक फूट अंतर आहे."

मशीन थांबलं.

"काय झालं?" धाकट्यानं सहा वर्षांनी थेट विचारलं.

"फार जवळ आणलंस."

"जवळ न आणता कसं घासणार? नखं कापल्यासारखं तर असतं."

"चांगले दात आहेत ते."

"माझेही होते."

धाकट्यानं मास्क खाली ओढला आणि दोन बोटांनी वरचा ओठ उचलला. तीन दात, एकसंध, थोडे जास्तच पांढरे. थोरल्यांनी ते ओळखले. आपलं हस्ताक्षर ओळखावं तसे.

"एकोणीस वर्षांचा होतो," धाकटा म्हणाला. "सायकलवरून पडलो. दात एक गेला. तू आणखी दोन घेतलेस."

"तेव्हा इथं कोणी स्क्रू घालत नव्हतं."

"काढता-घालता दात होता. नुसती फट ठेवता येत होती. विचारणं होतं. तुला पहिला ब्रिज करायचा होता, आणि घरात एक तोंड मोकळं पडलं होतं. फुकटचं."

"बावीस वर्षं टिकलाय तो."

"टिकलाय म्हणूनच. पडला असता तर विसरलो असतो. रोज सकाळी ब्रश करताना तुझं काम बघावं लागतं."

ताई उठायला लागली. "बस तू," दोघं एकदम म्हणाले. ती बसली.

"आता बोल," धाकट्यानं मशीन पुन्हा उचललं. "घासू का नको? मी विचारतोय. हा फरक लक्षात ठेव."

बाहेर घड्याळजीसारखे लोक वाट बघत होते, की टोपीवाल्यांच्या तोंडात काय बसतं. स्क्रू बसला, तर उद्यापासून पार्टिशनची उजवी बाजू म्हणजे कोठीची खोली. घासून घेतलं, तर शब्द राहील आणि ते दोन दात जातील. थोरल्यांनी जिभेनं एकाला हात लावल्यासारखं केलं. मग दुसऱ्याला.

"स्क्रू घाल," ते म्हणाले.

"असं नाही चालत. लिहून द्यावं लागतं." धाकट्यानं फळीवर अडकवलेला छापील कागद त्यांच्या छातीवर ठेवला. "माझ्याकडं प्रत्येकजण लिहून देतो. खाली रकाना आहे, हा पर्याय का निवडला. स्वतःच्या हातानं."

थोरल्यांनी आडवं पडूनच लिहिलं, 'शेजारचे दोन्ही दात चांगले आहेत. त्यांना हात लावू नये.' सही केली. तारीख घातली.

धाकट्यानं वाचलं. कागद परत छातीवर ठेवला.

"ही तारीख खोड."

"आजचीच आहे."

"आजची नको. माझ्या वेळची घाल. तेव्हा कोणी लिहिलं नव्हतं हे."

थोरल्यांनी आजची तारीख खोडली. वर्ष लिहिलं, महिना लिहिला. मग पेन थांबलं.

"दिवस आठवत नाही," ते म्हणाले.

"मला आठवतो. चौदा."

थोरल्यांनी चौदा लिहिले. धाकट्यानं कागद उचलला, शाई वाळेपर्यंत हातात धरला, आणि मास्क वर ओढून स्क्रूंची डबी उघडली.

"आ कर," तो म्हणाला. "भूल उतरल्यावर दुखेल. आधीच सांगतोय."