कावळ्याचं पान

"या ना हो! काव, काव! किती भाव खायचा तो माणसानं!"

माणसानं म्हणजे कावळ्यानं. वेरिबीतल्या आपल्या घराच्या मागच्या अंगणात वीणाकाकू तासभर हाका मारत होत्या. बार्बेक्यूच्या झाकणावर केळीचं पान मांडलेलं, इंडियन शॉपमधलं, फ्रोझन. त्यावर भात, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी आणि भरड्याचे वडे. समोरच्या छपरावर कावळा बसलेला. पांढऱ्या डोळ्यांचा, इथला. रडक्या बाळासारखा आऽऽ करायचा आणि मान फिरवायचा. कावळा तो कावळाच, ऑस्ट्रेलियातला असला म्हणून काय झालं!

आज गुरुदत्तकाकांचं वर्षश्राद्ध. कावळा शिवल्याशिवाय काकू जेवणार नव्हत्या.

काकू शाळेपुढच्या क्रॉसिंगवर उभ्या असतात, हातात 'स्टॉप'चा गोल बोर्ड घेऊन. अकरा वर्षांत एक शिफ्ट चुकवली नाही. गेल्या वर्षी त्या दुपारी काका हॉस्पिटलमध्ये होते. "जाऊ ना?" काकूंनी विचारलं. काका म्हणाले, "जा की, पोरं खोळंबतील." काकू पोरांना रस्ता ओलांडून देत होत्या, तेवढ्यात इकडे काका गेले. एकटेच. काकूंनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण वर्षभर एकच किडा डोक्यात वळवळत होता. ते "जा" मनापासून होतं, की रागानं? कावळा शिवला तर कळणार होतं.

या वर्षी मात्र त्यांनी रजा टाकली होती.

फोन वाजला. पर्थहून गंधार, त्यांचा मुलगा.

"आई, शिवला का गं? जेवलीस?"

"शिवेल. बसलाय समोरच."

"अगं, फोटो काढ नि जेव ना. बाबा काय रागावणारेत का? बरं, मीटिंग आहे, ठेवतो हं."

काकूंनी फोन ओट्यावर ठेवला आणि पुन्हा बाहेर आल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "पुन्हा नाही सोडून जाणार. आता तरी या."

आणि पानावर खरंच काहीतरी उतरलं! पण हिरवंगार. वीतभर अंगाचा पोपट, राखाडी छाती, लालसर शेपूट. वड्यावर चढला आणि लागला की चोच मारायला.

"अरे मेल्या! तुझं नाही ते! हो बाजूला!"

"काकू, don't move!" कुंपणावर शेजारच्या रुचाचं डोकं उगवलं. वय अकरा, डोळे रडून सुजलेले. "तो माझा पिस्ता आहे! दोन दिवस झाले उडून गेलाय, आज मी शाळेतही नाही गेले. प्लीज त्याला हाकलू नका!"

"हा पोपट कुठला म्हणायचा? इथला तर वाटत नाही."

"कॉन्युअर आहे. They're from Bolivia, तिथल्या जंगलातले. पण हा पिंजऱ्यातच जन्मलाय. त्याला काहीच कळत नाही, काकू. He's never even met a crow!"

तेवढ्यात छपरावरचा कावळा उठला.

पंख पसरून सरळ पानाकडेच आला. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो येत होता, आणि त्याची नजर भातावर नव्हती, पिस्त्यावर होती. पोपट वड्यावर थिजून बसलेला. बाजूला उभं राहिलं, की पान शिवलं जाणार होतं. एवढंच करायचं होतं, उभं राहायचं.

"काकूऽऽ!"

वीणाकाकू दोन ढांगांत पानापुढे गेल्या आणि तळवा समोर धरून उभ्या राहिल्या, क्रॉसिंगवर ट्रकपुढे उभ्या राहतात तशा. "हाड! हाड म्हणते ना! चल नीघ!"

कावळा डोक्यावरून गेला. त्याच्या पंखांचा वारा केसांना लागला. एक घिरटी घेतली आणि तो रेल्वे लाइनच्या दिशेनं उडाला, लहान लहान होत दिसेनासा झाला.

रुचा कुंपणावरून उडी मारून आली. पिस्त्याला तिनं दोन्ही हातांत धरलं, त्याच्या डोक्यावर नाक घासलं. निघताना थबकली.

"काकू, ते पान क्रोसाठी होतं ना? आजी ठेवते आमची. आता तो परत येईल?"

"बघू. तू जा, आई वाट बघत असेल."

फाटक वाजलं. पलीकडे हसण्या-ओरडण्याचा गलका झाला, मग दार लागलं.

काकू चार वाजेपर्यंत थांबल्या. छपरावर कुणी आलं नाही.

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि त्याच पानासमोर बसल्या. चोचीनं टोकरलेली बाजू सोडून वड्याचा तुकडा मोडला. श्राद्धाचा स्वयंपाक आधी चाखायचा नसतो, त्यामुळे आत्ता कळलं, मीठ कमी पडलं होतं. काकांनी पहिल्याच घासाला सांगितलं असतं.

काकूंनी जरा वेळ वाट पाहिली. मग दुसरा तुकडा मोडला.