वहिनींनी परतावा कुठे घातला

वहिनींना हट्टी म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो, त्यामुळे त्यांचं कौतुक करायचा पहिला हक्कही माझाच.

आमचा कात्र्यांचा कारखाना. दादा गेल्यावर तो वहिनी बघू लागल्या, विक्री माझ्याकडे राहिली. माल बहुतेक परदेशी जातो. पोलादावर भरलेला कर, कात्र्या देशाबाहेर गेल्या की सरकार परत करायचं. आमच्या गल्लीतला प्रत्येक कारखानदार या परताव्याच्या जोरावर भाव उतरवून गिऱ्हाईक गाठायचा. मीही तेच करायचो आणि स्वतःला मोठा धंदेवाला समजायचो.

वहिनींनी पहिल्याच वर्षी याला चाप लावला. भाव उतरवायचा नाही, म्हणाल्या. गिऱ्हाइकं तुटतील असं मी जीव तोडून सांगितलं, आणि दोन छोटी गिऱ्हाइकं तुटलीही. मी तोंड फुगवून बसलो. त्यांनी परताव्याच्या पैशांतून पाती घासायचं नवं यंत्र आणलं.

तोवर आमचे मिस्त्री एकेक जोडी हाताने जुळवायचे. घासायची, उघडमीट करून बघायची, पुन्हा घासायची. एक पातं बिघडलं की त्याचा जोडीदारही भंगारात. नव्या यंत्रातून पाती अशी सारखी निघाली की ढिगातलं कुठलंही कुठल्याही पात्याला बसायचं. आपला पत्ता कटला, असं मिस्त्रींना वाटलं. वहिनींनी त्यांनाच यंत्रावर नेमलं. तेवढ्याच माणसांत वर्षभराने दुप्पट माल निघू लागला, तरी मी आपला कुरकुरतच होतो.

मग सरकारने परतावाच बंद केला. माझ्या पायाखालची जमीन सरकली. आमचा निम्म्याहून जास्त माल एकच परदेशी व्यापारी घ्यायचा. तो गेला असता तर कारखान्याला कुलूप लागलं असतं. मी धावत वहिनींकडे गेलो. त्या पात्यांवरचं तेल पुसत होत्या.

"आता कळेल भाऊजी," त्या म्हणाल्या, "आपण इतकी वर्षं कात्र्या विकत होतो की सवलत."

मला त्यांचा असा राग आला म्हणता!

पुढच्या महिन्यात व्यापारी आला. गल्लीत बाकी सगळ्यांनी भाव चढवले होते. वहिनींनी जुनाच भाव सांगितल्यावर त्याला शंका आली, पोलाद हलकं तर नाही? वहिनींनी पात्यांची दोन खोकी उघडली आणि प्रत्येकातलं हवं ते एक पातं त्यालाच उचलायला सांगितलं. मिस्त्रींनी स्क्रू आवळला. व्यापाऱ्याने जाड कापड पार टोकापर्यंत कापलं. मग दुसरी दोन पाती उचलून पुन्हा कापलं. तिसऱ्या वेळी त्याने पाती न बघताच उचलली.

पण व्यापारीच तो. थोडं कमी करा, म्हणाला, आणि वहिनींना सोडून माझ्याकडे बघितलं. मी किती लवकर विरघळतो हे त्याला ठाऊक होतं. सवयीने आकडा माझ्या ओठांवर आलाही. समोर मिस्त्री पाती पुसून खोक्यात ठेवत होते. इतकं चोख काम आपण आजवर रडतखडत विकत आलो, याची मला लाज वाटली.

"नाही," मी म्हणालो. "भाव हाच."

वहिनींनी मागणीची वही उघडली. व्यापारी खुर्ची पुढे ओढून किती माल लागेल ते सांगू लागला. जन्मात पहिल्यांदा मी स्वतःहून भाव न उतरवता विकलं होतं. अभिमानाने माझा ऊर भरून आला, आणि तो सगळा अभिमान वहिनींचा होता.