पेट्रोल वर चढत नाही

आमची गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. घरात सगळे तिला म्हातारी म्हणतात. दादाने आणि मी मिळून तिला पुन्हा उभी केली, आणि ती जरा मार्गी लागतेय तोच दादा नोकरीसाठी निघून गेला. लांब, विमानाने. तेव्हापासून रविवारी फोन. बरं आहे ना? बरं आहे. आईला दे. संपलं.

मग म्हातारी बंद पडायला लागली.

सुरू व्हायची झकास. बाजार ओलांडून पुलापर्यंत जायची, मग खोकायची, दोन-चार गचके खायची आणि गप्प. थोडा वेळ बसून राहिलं की परत सुरू, जसं काही झालंच नाही. मी जे शिकलोय ते मोबाइलवर बघून आणि हात काळे करून. डोकं चालेना, म्हणून रविवारची वाट न बघता दादाला फोन लावला.

"पेट्रोल वर चढत नाहीये," तो म्हणाला. "बंद पडली की कार्ब्युरेटरचा पाइप काढ, बाटलीत धर, स्टार्टर मार. काय येतं ते बघ. उद्या फोन करतो."

उद्या फोन करतो. हे दादा म्हणाला.

आणि खरंच केला. बाटलीत थेंब नव्हता, थोड्या वेळाने तोच पाइप पिचकारी मारत होता. मग रोज एकेक काम. फिल्टर बदल. पाइप कुठे चेपलाय का बघ. पंप उघड, आतला पडदा फाटलाय का बघ. मी फोन स्पीकरवर टाकून मडगार्डवर ठेवायचो आणि आई ओले हात पुसत येऊन उभी राहायची. तिला पंपातलं ओ की ठो कळत नाही.

"काय म्हणतोय?"

"पडदा फाटलाय का विचारतोय."

"आवाज बसलाय त्याचा. सर्दी झालीय."

"आई, मला ऐकू येतंय," फोनमधून दादा म्हणाला.

"मग सांग ना. झालीय की नाही?"

"झालीय थोडी."

पंप ठणठणीत निघाला. मग एकदा पुलाशी बंद पडल्यावर, पेट्रोल तरी आहे ना बघू, म्हणून मी टाकीचं झाकण उघडलं. सूं करून हवा आत गेली. स्टार्टर मारला, लगेच सुरू. तेव्हा माझी ट्यूब पेटली. झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक असतं, पेट्रोल जाईल तशी हवा आत यायला. हवा नाही आली की टाकी पेट्रोल सोडत नाही, पंपाने कितीही ओढू दे. आमच्या झाकणाचं भोक निळ्या रंगाने बुजलं होतं. रंग खिडक्यांचा.

"कळकट दिसत होतं," आई म्हणाली. "डब्यात उरला होता, मारला."

टाचणीने भोक मोकळं केलं. गाडी पूल ओलांडून टेकडीला वळसा घालून आली, एकदाही खोकली नाही. आईला सांगितलं. मला वाटलं खूश होईल. ती डबे पुसत राहिली.

"म्हणजे आता रोज नाही करणार तो फोन."

मी टाचणी तिच्या डब्यात परत टाकली.

"दोन दिवस नाही सांगितलं तर काय बिघडतंय?" आई म्हणाली.

संध्याकाळी दादाचा फोन. "आज कार्ब्युरेटर उघडू. पण आधी बंद पडताना ऐकव मला."

गाडी सुरू ठेवून मी फोन बॉनेटखाली धरला. हात भरून आला तरी म्हातारी काही मरेना. शेवटी आईला खूण केली. तिने खिडकीतून हात घालून चावी फिरवली.

इंजिन थांबलं.

"खोकली नाही," दादा म्हणाला.

"हं?"

"पेट्रोल कमी पडलं की खोकते, गचके खाते, मग मरते. ही एकदम मेली. चावी कोणी फिरवली?"

"मी," आई म्हणाली.

दादा हसेल असं वाटलं. हसला नाही. काय सापडलं विचारलं, मी सांगितलं, रंगासकट. "शाबास," म्हणाला. "चल मग, ठेवतो." पण लगेच ठेवला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मग ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोन नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आई काही काम नसताना गाडीपाशी येऊन जायची. मी उगाच बॉनेट उघडून बसलो होतो. एखादा नट सैल करावा, असंही मनात आलं. पाना हातात घेतलासुद्धा. मग ठेवून दिला आणि सरळ फोन लावला.

"काय झालं? परत बंद पडली?"

"नाही. मस्त चालतेय."

"मग?"

"काही नाही. असाच केला."

आता म्हणेल, आईला दे.

"मी पण काल करणार होतो," दादा म्हणाला. "काय विचारायचं ते सुचेना."

"विचार ना काहीही."

"थांब, जेवण गरम करायला ठेवतो. ठेवू नकोस हां," म्हणाला, आणि फोन तसाच चालू ठेवून आत कुठेतरी गेला. भांड्याचा आवाज आला, नळाचा आला. मी आईला हाक मारली.